टिंबावतीचा धूर : पहिल्या पाऊण तासाची मोजणी

७ सप्टेंबर २००० रोजी दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागात, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या टिंबावती या खासगी वन्यजीव क्षेत्रात सुमारे १००० हेक्टर गवताळ रान ठरवून पेटवलं गेलं. कोरड्या हंगामाचा शेवट होता, गवत कडकडीत वाळलेलं होतं. आगीतून उठलेल्या धुराच्या लोटात वॉशिंग्टन विद्यापीठाचं कॉन्व्हेअर-५८० हे दोन इंजिनांचं विमान पुन्हा पुन्हा शिरत राहिलं. आधी आगीच्या अगदी जवळ, मग वाऱ्याच्या दिशेने पुढे पुढे, धूर पाऊण तासाचा होईपर्यंत. खूप वर, सुमारे २० किलोमीटर उंचीवरून उडणारं नासाचं ईआर-२ विमान त्याच आगीची वरून नोंद घेत होतं.

वणव्याने हवेत काय आणि किती सोडलं हे सांगायला आज उपग्रह आहेत, संगणकी प्रारूपं आहेत. पण त्या प्रारूपांच्या तळाशी असलेले आकडे कुणीतरी धुरात जाऊन मोजलेले असतात. टिंबावतीची आग ही अशा मोजण्यांमधली सर्वांत कसून झालेल्यांपैकी एक. वणव्याचा धूर जुना होत जाताना त्याच्यात काय बदलतं, याची इतकी सविस्तर नोंद तोवर कुणी प्रसिद्ध केलेली नव्हती. या एका आगीचा अभ्यास मला इतका महत्त्वाचा वाटतो, त्याचं कारण सरळ आहे. उगमाशी मोजलेला धूर आणि पाऊण तासानंतरचा धूर यांची रासायनिक घडण वेगळी असते, हे इथे आकड्यांनिशी दिसलं. धुराचं प्रदूषण फक्त उगमाशी मोजून भागत नाही, हा मुद्दा त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

आधीची पार्श्वभूमी

जगात दरवर्षी जेवढी जमीन आगीखाली येते, त्यातली सुमारे ७० टक्के एकट्या आफ्रिकेत असते, आणि तीही मुख्यतः सॅव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात. आफ्रिकेच्या दक्षिण गोलार्धातल्या भागात पाऊस एप्रिलच्या सुमारास थांबतो, गवत वाळतं आणि मे ते ऑक्टोबर आगींचा हंगाम चालतो. बहुतेक आगी माणसं लावतात : गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून, शेतजमीन मोकळी करायला, शिकारीसाठी, कधी मोठी आग टाळण्यासाठी आधीच लहान आग म्हणून.

गवत जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसाळ्यात उगवणारं गवत बऱ्याच अंशी परत घेतं. म्हणून सॅव्हानाच्या आगी निरुपद्रवी आहेत, असा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. तो अर्धवट आहे. कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, नायट्रोजनची ऑक्साइडं, फॉर्माल्डिहाइड, काजळी आणि बारीक कण यांपैकी काहीही गवत परत घेत नाही. १९७९ मध्ये पॉल क्रुट्झेन आणि सहकाऱ्यांनी जैवभार जाळण्यातून निघणारे वायू जागतिक वातावरणासाठी मोठा स्रोत आहेत, हे प्रथम ठळकपणे मांडलं. पुढे उपग्रहांना दक्षिण अटलांटिक महासागरावर दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ओझोनचा मोठा पट्टा दिसू लागला. आसपास कारखाने नाहीत, शहरं नाहीत, मग हा ओझोन कुठला? १९९२ मध्ये सफारी-९२ आणि ट्रेस-ए या जोडमोहिमांनी त्याचा माग काढला. तो आफ्रिका आणि ब्राझील इथल्या आगींच्या धुराशी जाऊन भिडला.

पण धुरातून ओझोन नेमका किती वेगाने तयार होतो, आगीपासून किती अंतरावर, हे तरीही नीट कळलेलं नव्हतं. सफारी २००० ही पुढची मोठी मोहीम ऑगस्ट-सप्टेंबर २००० मध्ये झाली तेव्हा हा प्रश्न समोर होता. नासाचा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये अवकाशात गेला होता. त्याला वरून जे दिसतं ते खालच्या हवेशी जुळतं का, हेही तपासायचं होतं. पीटर्सबर्ग, म्हणजे आजचं पोलोक्वाने, हा विमानांचा मुख्य तळ होता. ब्रिटनच्या हवामान खात्याचं सी-१३० विमान नामिबियातून उडत होतं, दक्षिण आफ्रिकेच्या हवामान खात्याची दोन एरोकमांडर विमानं वेगळी.

त्या हंगामात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागावर धूर किती दाटला होता याची कल्पना यावी म्हणून दोन गोष्टी सांगतो. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेकडच्या देशांतला धूर बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेवरून एका प्रचंड पट्ट्यात वाहत हिंदी महासागरावर गेला. शास्त्रज्ञांनी त्याला ‘धुराची नदी’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. दुसरी गोष्ट उभ्या दिशेची. कोरड्या हंगामात या भागावर जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसते आणि साधारण ३ व ५ किलोमीटर उंचीवर हवेचे स्थिर थर झाकणासारखे तयार होतात. धूर त्यांच्याखाली अडकतो आणि खंडावरच गोल फिरत राहतो. या दाट धुरक्यात काही ठिकाणी विमानाला मधेच अगदी स्वच्छ हवेच्या सपाट पट्ट्या सापडल्या : वर धूर, खाली धूर आणि मधे लख्ख हवा.

अशा ठिकाणी एका आगीचा धूर वेगळा ओळखायचा तर ती आग आपल्या हातात असावी लागते. टिंबावतीची आग ठरवून लावलेली असल्याने ती कधी, कुठे लागणार हे माहीत होतं आणि विमानं वेळेवर जागेवर आणता येत होती. शिवाय ती पुरेशी मोठी होती. वाऱ्याबरोबर बराच दूरपर्यंत वेगळा ओळखू येईल असा लोट दोन-चार हेक्टरांच्या प्रायोगिक तुकड्यातून उठत नाही.

धुरात शिरून काय मोजायचं

कॉन्व्हेअरवरच्या संशोधनाचं नेतृत्व पीटर हॉब्ज यांच्याकडे होतं. ढग आणि वायुकण यांच्या विमानातून होणाऱ्या अभ्यासातलं ते फार मोठं नाव. विमानात वायूंसाठी वेगळी, कणांसाठी वेगळी, प्रकाशासाठी वेगळी अशी उपकरणं ठासून भरलेली होती. अडचण अशी की आगीजवळ लोट अरुंद असतो आणि विमान त्यातून काही सेकंदांत पार होतं. काही उपकरणं सेकंदाला एक वाचन देतात, काहींना मिनिटं लागतात. एकाच धुराबद्दल दोन्हींना बोलतं करायचं तर धूर थांबवून ठेवावा लागतो.

त्यासाठी तीन वाटा होत्या. एक, वीजवाहक प्लास्टिकची मोठी पिशवी लोटात असतानाच धुराने भरून घ्यायची आणि मग विमान बाहेर आल्यावर संथ उपकरणांनी त्यातली हवा सावकाश तपासायची. साधं प्लास्टिक वापरलं तर त्यावर जमणाऱ्या स्थितिक विद्युतभारामुळे कण भिंतीला चिकटतात, म्हणून वीजवाहक. दुसरी वाट पोलादी डब्यांची. निर्वात केलेला डबा धुरात उघडायचा, बंद करायचा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या डोनाल्ड ब्लेक यांच्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा. तिथे त्यातली हायड्रोकार्बनं एकेक वेगळी करून मोजली जात. तिसरी वाट मोंटाना विद्यापीठाच्या बॉब योकेल्सन यांच्या गटाची : विमानात बसवलेला अवरक्त वर्णपटमापक. नळीत धूर घ्यायचा, दोन्हीकडच्या झडपा मिटायच्या आणि अवरक्त किरण आरशांवरून पुन्हा पुन्हा परतवत त्यातून लांबवर फिरवायचे. प्रत्येक वायू स्वतःच्या ठरलेल्या तरंगलांबी शोषतो, त्यामुळे एकाच वर्णपटातून अनेक वायू ओळखता येतात आणि त्यांचं प्रमाण काढता येतं.

या तिसऱ्या पद्धतीचं महत्त्व मी मुद्दाम सांगतो. वणव्याच्या धुरात मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइड, ॲसिटिक आम्ल असे ऑक्सिजनयुक्त सेंद्रिय वायू भरपूर असतात. डब्यात साठवून नेले तर त्यांतले बरेच टिकत नाहीत किंवा भिंतीला चिकटतात. त्यामुळे आधीच्या कित्येक मोजण्यांत ते दिसलेच नव्हते आणि धुरात मुख्यतः साधी हायड्रोकार्बनं असतात असं चित्र तयार झालं होतं. अमोनियाचं तर आणखी अवघड, तो जवळजवळ कशालाही चिकटतो. योकेल्सन यांच्या गटाने नळीच्या आतल्या पृष्ठभागावर अमोनिया, ॲसिटिक आम्ल आणि मिथेनॉल किती चिकटतात हे स्वतंत्रपणे तपासलं, मगच आकडे पुढे ठेवले. असलं काम बातमीत येत नाही, पण सगळ्या निष्कर्षांची विश्वासार्हता त्यावर उभी असते.

टिंबावतीच्या धुरात अशा सगळ्या मार्गांनी मिळून ४२ वायू आणि कणांमधले ७ घटक मोजले गेले.

पातळ झाला, की बदलला?

या अभ्यासाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. धूर पुढे जातो तसा भोवतालच्या हवेत मिसळून पातळ होतो. पाऊण तासाने प्रत्येक वायूचं प्रमाण कमी दिसणारच. मग एखादा वायू निव्वळ पातळ झाला, की रासायनिक क्रियेत नष्टही झाला, हे कसं कळणार?

उत्तर आहे कार्बन मोनॉक्साइड. तो आगीतून भरपूर निघतो, सहज मोजता येतो आणि संथपणे नष्ट होतो. टिंबावतीच्या धुरातलं रसायन अतिशय वेगवान होतं, पण त्या वेगानेही पाऊण तासात त्यातला फार तर टक्काभर जाईल. म्हणजे तो जितका कमी झाला तितका धूर पातळ झाला असं धरता येतं. दुसऱ्या प्रत्येक वायूची भोवतालच्या हवेपेक्षा झालेली वाढ घ्यायची आणि तिला कार्बन मोनॉक्साइडच्या वाढीने भागायचं. समजा उगमाजवळ कार्बन मोनॉक्साइड भोवतालपेक्षा १०० एककं जास्त आहे आणि दुसरा एक वायू १० एककं. गुणोत्तर १० टक्के. पाऊण तासाने पहिल्याची वाढ १० वर आली आणि दुसऱ्याची ०.५ वर, तर गुणोत्तर ५ टक्के झालं. पातळ होण्याचा हिशेब वजा जाता तो वायू निम्मा संपलाय. गुणोत्तर वाढलं असतं तर तो वाटेत तयार झाला, असा अर्थ निघाला असता.

यात दोन खाचखळगे आहेत. पहिला ‘भोवतालची हवा’ या शब्दांत लपलेला आहे. सप्टेंबर २००० मध्ये टिंबावतीभोवतीची हवा स्वच्छ नव्हतीच, तिच्यात इतर आगींचा जुना धूर होता. त्यामुळे लोटाच्या बाहेरची, त्याच उंचीवरची हवा पुन्हा पुन्हा मोजावी लागते, नाहीतर वजाबाकीच चुकते. दुसरा खळगा वेळेचा. विमानाने पुढे जाऊन जो पाऊण तास जुना धूर मोजला तो पाऊण तास आधी आगीतून निघाला होता. उगमाशी मोजलेला धूर वेगळ्या क्षणाचा. दरम्यान आग एका गवताळ पट्ट्यातून झुडपांत शिरली, भडका कमी होऊन धग वाढली, तर सुरुवातीचं मिश्रणच बदललेलं असणार. एकाच आगीवर वारंवार उगमाशी परतून नमुने घेणं, हाच त्यावरचा खरा इलाज.

पाऊण तासात काय घडलं

सुमारे ४० ते ४५ मिनिटांच्या प्रवासात तीन गोष्टींचं गुणोत्तर स्पष्टपणे वाढलं : ओझोन, ॲसिटिक आम्ल आणि कणांमधलं नायट्रेट. तिन्ही वाटेत तयार झाले होते. ओझोन तर आगीतून निघतच नाही. उगमाजवळ ताजा नायट्रिक ऑक्साइड असलेला ओझोनही खाऊन टाकतो. तरी सफारी २००० च्या मोजण्यांत तासाभराच्या आत ओझोनची वाढ कार्बन मोनॉक्साइडच्या वाढीच्या ९ टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचं दिसलं. दक्षिण अटलांटिकवरच्या त्या पट्ट्याची सुरुवात समुद्रावर, काही दिवसांनी होत नसून आगीपासून काही किलोमीटरांवर, काही मिनिटांत होते, हे इथे दिसलं. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना आणि पिकांना घातक असतो. आगीपासून वारा जिकडे वाहतो तिकडे राहणाऱ्या माणसांसाठी याचा अर्थ उघड आहे.

दुसऱ्या बाजूला १७ घटकांचं गुणोत्तर लक्षणीय कमी झालं. ते वेगवेगळ्या वेगाने कमी झाले, आणि ही माहिती फार कामाची ठरली. हवेतली बहुतेक सेंद्रिय द्रव्यं हायड्रॉक्सिल मूलकाकडून, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूच्या अतिशय क्रियाशील जोडीकडून, नष्ट होतात. हा मूलक सेकंदभरही टिकत नाही, पण वातावरण स्वच्छ करण्याचं बहुतांश काम त्याचंच. विमानावर तो थेट मोजणं फार कठीण. मात्र प्रत्येक हायड्रोकार्बन त्याच्याशी किती वेगाने क्रिया करतो हे प्रयोगशाळेतून माहीत असतं. त्यामुळे चपळ आणि संथ हायड्रोकार्बनं किती किती घटली यावरून मूलक किती होते याचा हिशेब उलटा मांडता येतो. टिंबावतीच्या धुरात उत्तर आलं दर घन सेंटिमीटरला सरासरी सुमारे १.७ कोटी. स्वच्छ हवेत दिवसा हा आकडा साधारण दहा लाखांपासून काही दहा लाखांच्या घरात असतो.

हे किती तीव्र आहे, याचा अंदाज प्रोपीन या वायूवरून घेता येईल. एरवी उन्हातल्या हवेत तो काही तास टिकतो. या धुरात त्याचा आयुष्यकाळ ४० मिनिटांच्या आसपास येतो. ईथेन मात्र तिथेही दोन-तीन दिवस काढेल. म्हणजे एकाच आगीचा धूर सकाळी एका गावावर गेला आणि दुपारी दुसऱ्या गावावर, तर दोन्ही गावांत एकच धूर पोहोचला असं म्हणता येणार नाही.

कणांची कहाणी याहून गुंतागुंतीची निघाली. पहिल्या सुमारे पाच मिनिटांत कणांची संख्या झपाट्याने घटली. ताज्या धुरात ते इतके दाट असतात की एकमेकांवर आदळून चिकटत जातात. त्यानंतर संख्या पुन्हा वाढू लागली, बहुधा वायूंपासून नवे कण बनू लागल्यामुळे. दरम्यान १.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांचं प्रमाण कमी होत गेलं आणि त्याहून मोठ्यांचं वाढत गेलं. जो कोणी आगीजवळ एकदाच कण मोजून ‘या आगीतून इतके कण निघाले’ असं लिहील, त्याचा आकडा दुसऱ्या मिनिटाचा आहे की दहाव्या, हे सांगितल्याशिवाय अपुराच राहील.

लोटाच्या आत प्रकाशही वेगळा होता. मध्यभागी वरून येणारे अतिनील किरण लोटाच्या माथ्यावरच्यापेक्षा सुमारे दोन तृतीयांश इतकेच होते. ओझोन बनण्याची क्रिया उजेडावर चालते, त्यामुळे लोटाच्या माथ्यावर आणि पोटात रसायनाचा वेग एकच धरता येत नाही.

किलोमागे किती ग्रॅम

उगमाजवळच्या धुराचं स्वतःचं महत्त्व आहेच, कारण जगभरची उत्सर्जनांची कोष्टकं त्यावर तयार होतात. एक किलो कोरडा जैवभार जळला तर कुठला पदार्थ किती ग्रॅम निघतो, याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. विमानातून किती गवत जळलं हे कसं कळणार, असा प्रश्न साहजिक आहे. ते कळावं लागत नाही, कारण हिशेब कार्बनचा असतो. वाळल्या गवताचं वजन साधारण निम्मं कार्बन असतं. तो कार्बन जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, इतर सेंद्रिय वायू आणि कण यांच्या रूपाने धुरात येतो. धुरातला एकूण जादा कार्बन मोजला की तो किती गवतातून आला हे ठरतं, आणि इतर वायूंचं त्याच्याशी प्रमाण मांडता येतं.

सफारी २००० मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या १० सॅव्हाना आगींच्या ताज्या धुरातून असे ५० पदार्थांचे गुणांक काढले गेले. सरासरी एक किलोमागे सुमारे १७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, ६८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, १.७ ग्रॅम मिथेन आणि १० ग्रॅम कण. कणांच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यांत आगी-आगींनुसार मोठा फरक होता, आणि ते अपेक्षितच आहे. ज्वाळा उंच असताना ज्वलन पूर्ण होतं, धग उरली की कार्बन मोनॉक्साइड आणि कण वाढतात. कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या वरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर या दोन वायूंमधल्या कार्बनपैकी सुमारे ९४ टक्के डायऑक्साइड म्हणून निघाला, म्हणजे गवत बऱ्यापैकी भडकून जळत होतं.

मोजण्यांची खरी कसोटी जुन्या आकड्यांशी तुलनेत लागली. अमोनियाचा गुणांक त्या प्रदेशासाठी आधी प्रसिद्ध झालेल्यापेक्षा चौपट कमी निघाला. फॉर्माल्डिहाइड सुमारे तिप्पट जास्त. हायड्रोजन सायनाइड सुमारे २० पट जास्त. बारीक कणांची संख्या ३ ते १५ पट जास्त. हे विशीतले-पन्नाशीतले टक्के नाहीत, पटींचे फरक आहेत, आणि पाठ्यपुस्तकात बसलेले आकडे होते ते. हायड्रोजन सायनाइडचं विशेष महत्त्व असं की तो वणव्याच्या धुराची ओळखखूण म्हणून वापरला जातो. शहरी धूर आणि रानातला धूर वेगळे करायला त्याचाच आधार घेतात. तोच आकडा २० पट चुकला तर सगळी ओळख चुकते.

याच मोहिमेत एक छोटी पण विलक्षण नोंद झाली. काही धूर वाटेत ढगातून गेला. ढगातून बाहेर आलेल्या धुरात मिथेनॉल, अमोनिया, ॲसिटिक आम्ल, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड कमी झालेले किंवा मोजण्यापलीकडे गेलेले होते, तर फॉर्माल्डिहाइड आणि नायट्रिक ऑक्साइड वाढलेले. धुराने वाटेत एक ढग पार केला तरी तो वेगळाच होऊन निघतो.

न जुळलेलं गणित

मोजण्या हाती आल्यावर योर्ग ट्रेंटमान आणि सहकाऱ्यांनी टिंबावतीचा लोट संगणकात उभा केला. मोजलेली उत्सर्जनं सुरुवातीला घातली, मोजल्याप्रमाणे लोट पातळ होऊ दिला, आणि माहीत असलेल्या रासायनिक क्रिया चालू दिल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रारूपाचा ओझोन प्रत्यक्षापेक्षा कमी पडला. काहीतरी धुराला अधिक वेगाने ‘पेटवत’ होतं, जे प्रारूपात नव्हतं. कणांच्या पृष्ठभागावर नायट्रोजन डायऑक्साइडपासून नायट्रस आम्ल बनतं असं धरलं तर अंतर कमी झालं. हे आम्ल ऊन लागताच फुटतं आणि हायड्रॉक्सिल मूलक सोडतं. पण तसं खरोखर घडतं का, हे त्या मोजण्यांवरून ठरवता येत नव्हतं.

त्यानंतर अल्वाराडो आणि प्रिन यांनी २००९ मध्ये याच लोटाकडे पुन्हा पाहिलं, आणि टिंबावती या विषयाची जणू चाचणी-परीक्षाच बनली : नवं प्रारूप केलं की या धुरावर चालवून बघायचं. नायट्रस आम्लाचा प्रश्न मात्र पुढच्या पिढीच्या विमानांनी पुढे नेला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वणव्यांवर आयडाहोमधून उडालेल्या सी-१३० विमानाने ताज्या धुरात हे आम्ल थेट मोजलं. ते आगीतूनच मोठ्या प्रमाणात निघतं आणि धुराच्या पहिल्या काही तासांत मूलकांचा सर्वांत मोठा स्रोत तेच असतं, असं दिसलं. अमेरिकेतलं पाइन-फरचं जंगल म्हणजे आफ्रिकेचं गवत नव्हे, त्यामुळे टिंबावतीचं कोडं या एका शोधाने सुटलं असं मी म्हणणार नाही. पण अठरा वर्षांपूर्वीच्या पाऊण तासातल्या फरकाने जिकडे बोट दाखवलं होतं, ती दिशा बरोबर होती.

विमानाच्या आवाक्याबाहेरचा धूर

विमानाला तोच धूर सापडतो जो वर चढतो. भडकलेल्या आगीची उष्णता धुराला शेकडो मीटर उचलते. पण आग पुढे निघून गेल्यावर ओंडके, मुळं, शेण तासन्‌तास धुमसत राहतात. त्या धुराला वर चढायला उष्णता नसते. तो जमिनीलगत पसरतो, रात्री तर दरीत आणि वस्तीतच बसून राहतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि अपूर्ण जळलेले वायू कितीतरी जास्त असतात आणि माणसांच्या श्वासात थेट तोच जातो. मोंटानाच्याच गटाने या मोहिमेच्या काळात झांबियात जमिनीवरून अशा धुमसणाऱ्या लाकडाची, शिवाय चुलींची आणि कोळशाच्या भट्ट्यांची मोजणी केली, म्हणून हा भाग पूर्ण अंधारात राहिला नाही. पण जगभराच्या कोष्टकांत विमानाचे आकडे आणि जमिनीवरचे आकडे कुठल्या प्रमाणात मिसळायचे, यावर मतभेद आहेत, आणि ते असणारच. ते प्रमाण प्रत्येक आगीत, प्रत्येक तासाला बदलतं.

आपल्या वणव्यांपर्यंत

महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे या काळात गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, सातपुड्याच्या रांगा आणि सह्याद्रीचे गवताळ माथे पेटतात. मोहफुलं वेचायला जमीन मोकळी करणं, तेंदूपत्त्याला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणं, ही त्यामागची जुनी कारणं. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाला दिसलेल्या आगीची सूचना वनखात्याला धाडतं आणि वनरक्षक तिथे पोहोचतात. आग कुठे लागली हे आता बरंच कळतं. तिच्यातून काय निघालं याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा जागतिक कोष्टकातले गुणांक लावून काढलं जातं. त्या कोष्टकातल्या सॅव्हानाच्या रकान्यात टिंबावती आणि तिच्यासारख्या आगी आहेत. उष्णकटिबंधीय जंगलाच्या रकान्यातला मोठा भाग अमेझॉन खोऱ्यातल्या जंगलतोडीनंतरच्या आगींवरून आला आहे.

गडचिरोलीतली आग यांपैकी कशातच नीट बसत नाही. ती सागाच्या, तेंदूच्या गळलेल्या पाल्यावरून सरपटत जाते. उभी झाडं बहुधा वाचतात, पाला जळतो, कुजकं लाकूड धुमसतं. सॅव्हानाच्या गवतासारखा तिचा भडका उंच नसतो आणि अमेझॉनसारखे तोडून वाळवलेले ओंडकेही तिथे नसतात. सोलापूर-पुण्याकडची माळरानं मात्र खऱ्या अर्थाने सॅव्हाना आहेत, तिथे आफ्रिकेचा आकडा लावणं जास्त न्याय्य ठरेल. पण तिथेही गवताच्या जाती आणि ओलावा वेगळा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून कायपिक्स मोहिमेत उपकरणांनी सज्ज विमान उडवून ढग आणि वायुकण मोजले आहेत. तिचा रोख पावसावर होता, वणव्यावर नाही, पण हवेत जाऊन कण मोजण्याचं कसब त्यातून इथे आलं आहे. आणि ठरवून लावलेली आग शोधायला आफ्रिकेला जायला नको. दर वर्षी उन्हाळा तापायच्या आत वनखातं जंगलात जाळरेषा काढतं, म्हणजे आग पसरू नये म्हणून काही पट्ट्या आधीच जाळून मोकळ्या करतं : ठरलेली जागा, ठरलेला दिवस, पाला किती आणि कशाचा हे आधी मोजता येण्यासारखं. त्या पट्ट्या अरुंद असतात, त्यांच्या धुरात विमान शिरवण्यात अर्थ नाही. पण जमिनीवर उभारलेली नळी, डबे आणि ड्रोनला टांगलेली पिशवी त्यांना पुरते, आणि कार्बनचा हिशेब टिंबावतीला चालला तसाच तिथेही चालतो.